दाताचे माप आता उजेडाने

'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपल्या सीमाभागातल्या घराघरात दोन्ही भाषांत ऐकू येते. 'हल्लु इद्दाग कडले इल्ल, कडले इद्दाग हल्लिल्ल.' मराठीने ती कन्नडकडून घेतली की कन्नडने मराठीकडून, हा वाद आपण भाषातज्ज्ञांवर सोपवू. म्हण करणाऱ्याला एक मात्र ठाऊक नव्हते. पुढे असा काळ येईल की चणे बाजारातून आणता येतील आणि दातही दवाखान्यातून करून आणता येतील. आज घरोघरी कोणाची कॅप आहे, कोणाचा ब्रिज आहे, कोणाची कवळी रात्री वाटीत पाण्यात ठेवलेली आहे.

पण नवा दात बसवायचा म्हणजे आधी माप द्यावे लागते. ज्यांनी ते दिले आहे त्यांना वर्णन करून सांगायला नको. पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा तो ट्रे, त्यात कालवलेली गुलाबी किंवा पिवळी पेस्ट, तो गार गोळा टाळूला टेकला की घशाशी येणारी उबळ आणि डोक्यावरून येणारा डॉक्टरांचा आवाज, 'नाकाने श्वास घ्या, नाकाने!' दोन-चार मिनिटांचाच खेळ असतो. तरी म्हाताऱ्या माणसांना तो तासाभराचा वाटतो.

यात हसण्यासारखे थोडे आणि काळजीचे जास्त आहे. रूट कॅनल करून घेतलेली आणि कॅप न बसवता तशीच राहिलेली दाढ किती घरांत असेल, एकदा विचारून पाहा. 'दुखायचे थांबले ना, मग आता ते माप कशाला?' असे म्हणत माणसे परत जातच नाहीत. रूट कॅनल झालेली दाढ आतून पोखरलेली असते. वर टोपी नसेल तर एखाद्या दिवशी जोंधळ्याची कडक भाकरी चावताना ती उभी चिरते आणि मग काढण्यावाचून इलाज राहत नाही. पैसे गेले, वेळ गेला आणि दाढही गेली. बेळगावचा कुंदा दाताविना खाता येतो हो. पण कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी कशी खाणार?

हा विषय डोक्यात आला तो ग्वाल्हेरच्या मावशीच्या फोनमुळे. ग्वाल्हेर म्हणजे काही आपल्याला परके गाव नव्हे. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे शिंदे उत्तरेत गेले, 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीचे 'लष्कर' किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावले आणि त्यांच्यामागून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे तिथलीच झाली. मावशीचे सासर त्यातलेच. आपल्याकडच्या मराठीत जसे कन्नड मुरले आहे, तसे तिच्या मराठीत हिंदी मुरलेले आहे. आपण 'माप' म्हणतो, कन्नडमध्ये 'अळते' म्हणतात आणि मावशी 'नाप' म्हणते.

'अगं, या वेळी ते चिखलासारखं काही तोंडात घातलंच नाही,' ती सांगत होती. 'टूथब्रशापेक्षा जाड अशी एक दांडी दातांवरून फिरवली आणि समोर टीव्हीवर माझेच दात! झाली नाप.' तिची दाढेची कॅप आठवड्याभरात बसली होती. पुढचा प्रश्न मात्र तिने मलाच विचारला. 'आता यांची पूर्ण कवळी करायची आहे. तीपण अशीच होईल ना?'

मी कॉलेजात इतिहास शिकवते, दंतवैद्यक नव्हे. पण प्रश्न चांगला होता आणि तो आपल्यापैकी अनेकांच्या घरात येणार आहे. म्हणून ओळखीच्या दंतवैद्यांना विचारले, थोडे वाचले. जे कळले ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी माप म्हणजे काय ते पाहू. गुढीपाडव्याला साखरेच्या गाठी करतात त्या लाकडी साच्यात. संक्रांतीला कर्नाटकात 'सक्करे अच्चु' करतात तेही साच्यात. साच्यात जिथे खड्डा, तिथे साखरेवर उंचवटा. दाताच्या मापाचे अगदी तसेच आहे. तोंडातून निघालेली पेस्ट म्हणजे साचा. त्यात प्लास्टर ओतले की तुमच्या जबड्याची हुबेहूब प्रतिकृती तयार होते. तुमची कॅप किंवा कवळी त्या प्रतिकृतीवर घडवली जाते. कारागिराला तुमचे तोंड कधी दिसत नाही. त्याच्यापुढे असते ते फक्त ते प्लास्टर. मापात केसाएवढी चूक झाली तर ती प्लास्टरात उतरते, प्लास्टरातून कॅपमध्ये आणि कॅपमधून पुन्हा तुमच्या तोंडात. मग 'उंच लागते', 'हलते', 'खाली अन्न अडकते' या तक्रारी सुरू.

हे माप चांगले यावे म्हणून माणसाने काय काय केले! आधी मेण वापरले. मग एकोणिसाव्या शतकात प्लास्टर ऑफ पॅरिसच तोंडात घालत. ते घट्ट झाले की तुकडे करून बाहेर काढायचे आणि बाहेर पुन्हा जोडायचे. आपली पेस्ट त्यापुढे सुखाची म्हणायची. 1856 च्या आसपास लंडनच्या चार्ल्स स्टेंट नावाच्या दंतवैद्याने झाडाच्या चिकापासून केलेल्या गटापर्चात इतर पदार्थ मिसळून मापासाठी एक सुधारित मसाला तयार केला. पहिल्या महायुद्धात यान एसर या डच शल्यविशारदाने तोच मसाला जखमेवर लावलेली त्वचा जागेवर धरून ठेवायला वापरला. पुढे शरीरात एखादी जागा धरून ठेवणाऱ्या आधारालाच 'स्टेंट' म्हणू लागले. आज अँजिओप्लास्टीनंतर हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात ते स्टेंट हे नाव बहुतेक अभ्यासक या दंतवैद्यापर्यंत नेऊन पोहोचवतात. घरात कोणाला स्टेंट बसला असेल तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

आपल्या ओळखीची ती गुलाबी पेस्ट म्हणजे अल्जिनेट. ती तपकिरी समुद्री शेवाळापासून करतात. तिच्या आधी अगर नावाचा दुसऱ्या शेवाळाचा पदार्थ मापासाठी वापरत आणि तो मुख्यतः जपानहून येई. दुसऱ्या महायुद्धात तो पुरवठा तुटला आणि अल्जिनेटला दिवस आले. ती स्वस्त आहे, पटकन घट्ट होते, पण तिचा एक दोष आहे. उघडी ठेवली की तिच्यातले पाणी उडते आणि ती आकसते. पाण्यात ठेवली तर फुगते. म्हणून तिच्यात प्लास्टर लगेच ओतावे लागते. कॅप-ब्रिजसारख्या नाजूक कामाला सिलिकॉनची पेस्ट वापरतात. ती आकार चांगला धरते, पण महाग असते. यातले एखादे माप कुरिअरने दुसऱ्या गावच्या लॅबला गेले आणि वाटेत दाबले गेले किंवा उन्हात राहिले, की पेशंटला पुन्हा बोलावणे आले.

आता मावशीच्या त्या दांडीकडे येऊ. तिला इंट्राओरल स्कॅनर म्हणतात, म्हणजे तोंडातल्या तोंडात फिरणारा स्कॅनर. त्याच्या टोकाशी आरसा, दिवा आणि कॅमेरा असतो. यात एक्स-रे नसतात, साधा प्रकाश असतो. त्यामुळे गरोदर बाईला किंवा लहान मुलाला किरणांची भीती नाही. प्रकाश दातावर पडतो, परत येतो आणि कॅमेरा एका सेकंदात अनेक चित्रे टिपतो. दाताचा कुठला बिंदू किती उंच, किती खोल, हे संगणक त्यावरून मोजतो. एका चित्राची कड पुढच्या चित्रावर थोडी चढलेली असते. गोधडीला ठिगळ जोडावे तशी ही चित्रे एकमेकांना जोडली जातात आणि दोन-पाच मिनिटांत पूर्ण जबडा पडद्यावर उभा राहतो. तो फिरवून मागून-पुढून पाहता येतो. एखाद्या जागी चित्र नीट आले नसेल तर तेवढीच जागा पुन्हा टिपायची. पेस्टचे तसे नाही. कोपऱ्यात एक बुडबुडा राहिला की ट्रे पुन्हा भरा आणि उबळ पुन्हा सोसा.

ही कल्पना कालपरवाची नाही. फ्रान्समधल्या ल्यों शहरात फ्रान्स्वा ड्युरे या तरुण दंतवैद्याने 1973 मध्ये आपला प्रबंधच 'प्रकाशाने घेतलेले माप' या विषयावर लिहिला. तेव्हाचे संगणक आठवा. कल्पना पुढे आणि यंत्र मागे अशी गत होती. 1985 मध्ये झुरिक विद्यापीठात वेर्नर मॉर्मान या दंतवैद्याने आणि मार्को ब्रांदेस्तिनी या अभियंत्याने कॅमेऱ्याने माप घेऊन, तिथेच यंत्रावर चिनीमातीचा तुकडा कोरून, त्याच बैठकीत तो पेशंटच्या दातात बसवला. तेव्हापासून आजपर्यंत यंत्र लहान झाले, चित्रे रंगीत झाली, दातांवर मारावी लागणारी पांढरी पूड बहुतेक यंत्रांतून गेली. आता मोठ्या महानगरांपुरता हा प्रकार राहिलेला नाही. ग्वाल्हेरसारख्या शहरातल्या दवाखान्यातही तो येऊन पोहोचला आहे.

ग्वाल्हेरचा विषय निघालाच आहे तर इतिहासाच्या शिक्षिकेला एक वळण घेऊ द्या. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत खडकातून कोरलेले चतुर्भुज मंदिर लागते. लहानसेच आहे. त्यातल्या शिलालेखावर विक्रम संवत 933 म्हणजे इसवी सन 876 हा काळ आहे. देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचे माप त्यात लिहिले आहे: 270 हात लांब, 187 हात रुंद. बागेतून देवाला रोज 50 हार मिळावेत असेही त्यात आहे. या 270 मध्ये आणि 50 मध्ये शून्य कोरलेले आहे, आजच्यासारखेच गोल. भारतातल्या शिलालेखांतले जे सर्वांत जुने शून्य निर्विवाद मानले जातात, त्यांत याची गणना होते. मावशीचा पडद्यावरचा जबडा म्हणजे तरी काय? शून्य आणि एक या दोन आकड्यांत लिहिलेले माप. त्या किल्ल्याच्या पायथ्याशी अकराशे वर्षांनी एका दाढेचे माप शून्यात लिहिले गेले, याची मला मोठी गंमत वाटली.

असो. आता मूळ प्रश्न. या नव्या मापाने आपला फायदा काय?

पहिला फायदा अर्थातच उबळीचा. ज्यांना घशाशी काही लागले की सहन होत नाही, ज्यांना दम्याचा त्रास आहे, नाक चोंदलेले आहे किंवा जी मुले ट्रे पाहूनच तोंड मिटतात, त्यांना स्कॅनर हा मोठा दिलासा आहे. मधेच थांबता येते, थुंकता येते, पाणी पिता येते.

दुसरा फायदा फार लहान पेशंटांचा. दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांसाठी शस्त्रक्रियेआधी टाळूला बसवायची एक प्लेट कधी कधी करावी लागते. तिच्यासाठी माप हवे. एवढ्याशा तोंडात पेस्ट घालताना श्वास अडण्याचा धोका असतो, म्हणून हे काम डॉक्टर सगळी तयारी जवळ ठेवून करतात. अशा बाळांत स्कॅनरचा उपयोग आता होऊ लागला आहे. अशा बाळाच्या आईला 'पेस्ट नको, उजेड चालेल' हे वाक्य किती मोलाचे वाटत असेल!

तिसरा फायदा प्रवासाचा. पेस्टचे माप गाडीने जाते, उजेडाचे माप तारेने जाते. सकाळी ग्वाल्हेरात घेतलेले माप त्याच सकाळी बेळगावच्या किंवा कोल्हापूरच्या लॅबमध्ये उघडता येते. वाकडे दात सरळ करणाऱ्या मुलांची मापे वर्षानुवर्षे जपावी लागतात. पूर्वी दवाखान्यांत त्या प्लास्टरच्या जबड्यांनी कपाटे भरत. आता ती संगणकात राहतात आणि सहा महिन्यांपूर्वीचा दात आज किती सरकला हे एकावर एक ठेवून पाहता येते.

एक-दोन दातांची कॅप किंवा छोटा ब्रिज असेल तर स्कॅनरचे माप चांगल्या पेस्टच्या मापाइतकेच भरवशाचे ठरले आहे. मावशीची दाढ यातच मोडते. म्हणून तिची कॅप नीट बसली यात नवल नाही.

आता दुसरी बाजू. उजेडाला जे दिसते तेवढेच यंत्राला कळते. दात हिरडीच्या खाली तुटलेला असेल, तिथे रक्त किंवा लाळ साचली असेल, तर कॅमेऱ्यालाही तिथले दिसत नाही. मग डॉक्टरांना हिरडी बाजूला करायला बारीक दोरा घालावाच लागतो, रक्त थांबवावे लागते, जागा कोरडी करावी लागते. हे हाताचे काम स्कॅनरने कमी केलेले नाही. ज्याचा हात यात तरबेज नाही त्याच्या हातात लाखांचे यंत्र दिले तरी माप अर्धेच येणार.

दुसरी मर्यादा गोधडीची. ठिगळे चार असतील तर शिवण सरळ राहते, चाळीस असतील तर कुठेतरी तिरकी जाते. एका टोकाच्या दाढेपासून दुसऱ्या टोकाच्या दाढेपर्यंत माप घेताना जोडणीतली बारीक चूक वाढत जाते. म्हणून पूर्ण जबड्यात अनेक इम्प्लांट बसवून त्यावर एकसंध दात करायचे असतील, तेव्हा बरेच डॉक्टर अजून पेस्टवर विसंबतात किंवा दोन्ही पद्धती पडताळून पाहतात.

आणि तिसरी मर्यादा काकांच्या कवळीची. दात असतात तेव्हा कॅमेऱ्याला खुणा सापडतात. खड्डे, कडा, फटी. सगळे दात गेलेला जबडा ओला, गुळगुळीत आणि एकसारखा असतो. कॅमेरा तिथे चुकतो, जसे आपण धुक्यात रस्ता चुकतो. त्यातून हिरडी मऊ, दाबली की हलणारी. बोलताना, गिळताना, हसताना गाल आणि जीभ कवळीच्या कडांना धक्का देतात. म्हणून कवळीचे माप घेताना डॉक्टर सांगतात, 'ओठ पुढे करा, जीभ बाहेर काढा, आ करा.' स्वतः गाल धरून ओढतात. त्या हालचाली मसाल्यात उमटल्या की कवळी जेवतानाही जागेवर राहते. स्थिर जबड्याचे चित्र काढणाऱ्या उजेडाला त्या हालचाली अजून नीट पकडता येत नाहीत. त्यावर काम चालू आहे, काही ठिकाणी स्कॅनरने कवळ्या होतही आहेत. पण हिरडी झिजून सपाट झालेल्या वयस्कर माणसाला, विशेषतः खालच्या जबड्यासाठी, जुन्या पद्धतीचे काळजीपूर्वक घेतलेले माप आजही बरे. ते माप पुढे लॅबमध्ये स्कॅन करून कवळी यंत्रावर घडवता येते. म्हणजे घरात सून नवी आली तरी सासूबाईंचे स्वयंपाकघर बंद पडत नाही, तसे हे आहे.

मावशीला मी हेच सांगितले. काकांच्या कवळीसाठी मशीन कुठे आहे ते शोधण्यापेक्षा कवळी करण्यात मुरलेला डॉक्टर शोधा, त्याच्याकडे पेस्ट असली तरी चालेल.

हे मुद्दाम लिहायचे कारण आहे. हल्ली काही ठिकाणी 'डिजिटल दवाखाना' अशी पाटी दिसते आणि आपल्याला वाटते, तिकडे सगळे उत्तम आणि आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे सगळे जुनाट. मशीन महाग असते. तिचा खर्च कुठेतरी भरून निघायला हवा, हेही खरे. पण खानापूर, निपाणी किंवा चंदगडकडचा एखादा डॉक्टर वर्षानुवर्षे नीट पेस्ट कालवून, वेळ देऊन, चांगल्या कॅप बसवत असेल, तर त्याच्या पेशंटांनी स्वतःला कमनशिबी समजायचे कारण नाही. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी दंत महाविद्यालयांच्या ओपीडीचा विचार करावा. बेळगावात के.एल.ई. संस्थेचे व्ही. के. दंत महाविद्यालय आहे, मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर दंत महाविद्यालय आहे. अशा कॉलेजांत कृत्रिम दात बसवण्याचा स्वतंत्र विभाग असतो, शिकणाऱ्यांचे काम शिक्षक तपासतात आणि खर्च सहसा बाहेरच्यापेक्षा कमी येतो. वेळ मात्र जास्त द्यावा लागतो.

या सगळ्यात एक माणूस आपल्याला कधी दिसत नाही. तो म्हणजे डेंटल लॅबमधला कारागीर. प्लास्टर ओतणे, मेणाचा दात कोरणे, धातू ओतणे, त्यावर चिनीमातीचे थर चढवून शेजारच्या दाताशी रंग जुळवणे ही त्याची कला. आमच्या कॉलेजातून बाहेर पडलेला एक मुलगा अशाच लॅबमध्ये आहे. सुरुवातीची काही वर्षे त्याचे हात कायम प्लास्टरने पांढरे असत. आता तो दिवसभर संगणकापुढे बसून दात आखतो आणि झिर्कोनियाच्या ठोकळ्यातून यंत्र ते कोरून काढते. पण शेवटचा रंग, दाताच्या टोकाची ती किंचित पारदर्शक छटा, अजून हातानेच देतो. जे हे नवे शिकले त्यांना काम आहे. जे पन्नाशीला आले आणि ज्यांना संगणक हाताळायला कोणी शिकवले नाही, त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे हातमागाचे आणि छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यांचे काय झाले ते आपण पाहिले आहे. लॅबमालकांनी आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी अशा जुन्या कारागिरांना नवे काम शिकवायला हवे. दाताचा आकार ज्याच्या बोटांत आहे, त्याला माउस शिकवणे सोपे. उलट ज्याला फक्त माउस येतो, त्याला दात शिकवायला वर्षे लागतात.

आणखी एक नवी गोष्ट. पेस्टचे माप काम झाले की कचऱ्यात जात होते. स्कॅनची फाइल राहते. ती कुठे राहते, किती दिवस, कोणाकडे, हे विचारायला काहीच हरकत नाही. तुमच्या तोंडाचे माप ही तुमची वैयक्तिक माहिती आहे. अशा संगणकीय माहितीच्या संरक्षणासाठी केंद्राने 2023 मध्ये कायदाही केला आहे. गाव बदलताना, मुलाचे दात सरळ करण्याचे उपचार अर्ध्यावर असताना बदली झाली तर, ती फाइल मागून घ्यावी. बहुतेक स्कॅनर एसटीएल नावाच्या प्रकारात ती देऊ शकतात आणि तो प्रकार दुसऱ्या दवाखान्यातही उघडतो. घरातल्या वृद्धांची नीट बसणारी कवळी असेल तर तीही एकदा स्कॅन करून ठेवता येते का, हे विचारा. म्हातारपणी कवळ्या हरवतात, रुग्णालयात उशीखाली राहतात, रुमालात गुंडाळून कचऱ्यात जातात. फाइल असेल तर तशीच दुसरी करणे सोपे जाते.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कोणाला माप द्यायला जायचे असेल तर चार गोष्टी विचारून घ्या. माझ्या कामाला पेस्ट बरी की स्कॅन, आणि का? स्कॅनचे पैसे वेगळे आहेत का? काम कुठल्या लॅबमध्ये होणार? आणि फाइलची प्रत मला मिळेल का? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि एक पाचवी गोष्ट, खास आपल्या घरांसाठी. आपल्या अनेक घरांत आजी म्हणा की अज्जी म्हणा, तिला एकच भाषा मनापासून कळते. माझ्या सासूबाई गेली चाळीस वर्षे मराठी घरात आहेत, पण भीती वाटली की त्या कन्नडमध्येच बोलतात. ट्रे तोंडात असताना 'नाकाने श्वास घ्या' हे मराठीत सांगितले तर त्यांना ऐकू येते, पण उपयोग होत नाही. 'मूगिनिंद उसिराडि' म्हटले की त्यांचे खांदे खाली येतात. कुठल्या घरात हे उलटेही असेल. कॅमेरा असो की पेस्ट, तोंड उघडे असताना माणसाला बोलता येत नाही, फक्त ऐकता येते. म्हणून वृद्धांना दवाखान्यात एकटे पाठवू नका. बरोबर जा, डॉक्टरांना त्यांची भाषा सांगा आणि खुर्चीजवळ उभे राहा. राहिलेली ती एक कॅप या महिन्यात बसवून घ्या. दाढ फुटायची वाट पाहू नका.